तुमचे अटेंडर कुठे आहेत?

आधी एक सांगून टाकते, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. नाही, कानाला मशीन लावून उपयोग होत नाही. नागपुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मला मेंदूज्वर झाला. ताप उतरला तो दोन्ही कान घेऊनच. आतला भाग असा घट्ट झाला की ऑपरेशन करून बसवतात ते मशीनही बसेना. आईने त्यासाठी किती दवाखाने पालथे घातले ते तिचं तिलाच ठाऊक. तर मला अजिबात ऐकू येत नाही. शेजारी ढोल वाजला तर छातीत कळतो, बस्स.

पण मला बोलता येतं. चांगलं खणखणीत, नागपुरी बोलता येतं, आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. मी काउंटरवर जाऊन म्हणते, ‘मला ऐकू येत नाही, लिहून द्या किंवा या फोनसमोर बोला,’ तर समोरचा माझ्याकडे असा बघतो जणू मी फुकटची सवलत मागायला आलेय. ‘इतकं छान बोलता, मग ऐकू कसं येत नाही?’ अरे बाप्पा, तोंड वेगळं आणि कान वेगळे!

मागच्या वर्षी माझ्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. ती काढली, मी बरी आहे. गाठींबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको. ऐकू न येणाऱ्या माणसाने बंगळुरूतल्या चकचकीत हॉस्पिटलात दाखल व्हायचं म्हणजे काय, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी कमी चिडले असते. कमी नाही, पण निदान तयारीने चिडले असते.

‘काही नाही गं’

माझे कान म्हणजे माझा फोन. त्यात एक ॲप आहे. समोरचा बोलतो ते अक्षरांत उमटतं. इंग्रजी चांगलं, हिंदी बरं, मराठी त्याच्या मूडवर, आणि बोलण्यात कन्नड मिसळलं की नुसती खिचडी. महादेवपुऱ्यातल्या माझ्या ऑफिसात ते झकास चालतं, कारण मीटिंगमध्ये लोक एकेक करून माइकमध्ये बोलतात. ओठही मी वाचते. मराठी सगळ्यात छान, हिंदी ठीक, कन्नड शून्य. मास्क लावला की सगळ्या भाषा सारख्याच.

हॉस्पिटलात सगळेच मास्क लावून. बाहेर बसलेल्यांना नाव घेऊन बोलावतात. नंबर दाखवायला भिंतीवर मोठी स्क्रीन होती, पण तिच्यावर हॉस्पिटलचीच जाहिरात चालू होती. मी शेजारच्या बाईंना सांगून ठेवलं, माझं नाव आलं की कोपर मारा. त्यांनी इमानदारीने मारलं.

माझा नवरा निखिल कोरमंगल्याच्या ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी टाकून आला होता. सर्जन उंच, घाईतला माणूस, बोलताना कॉम्प्युटरकडे बघणारा. मी म्हटलं, ‘डॉक्टर, मला ऐकू येत नाही. मास्क खाली घ्याल का? नाहीतर या फोनसमोर बोला.’ त्यांनी फोनकडे बघितलं, तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि बोट हलवलं. रेकॉर्डिंग करायचं नाही! मी म्हटलं, रेकॉर्डिंग नाही हो, हे नुसतं लिहितं. तोवर त्यांनी खुर्ची निखिलकडे वळवली होती. निखिलने मला नंतर सांगितलं, त्यांनी पहिला प्रश्न केला तो, ‘तुम्हीच ना अटेंडर?’

इथे पेशंटबरोबर राहणाऱ्या माणसाला अटेंडर म्हणतात. पेशंट शुद्धीवर असो, शिकलेला असो, चांगला चालता-बोलता असो, जे काय सांगायचं ते अटेंडरला. मग पेशंट बहिरा असेल तर काय, सोन्याहून पिवळं. डॉक्टर बोलत राहिले, निखिल मान हलवत राहिला, डॉक्टरांनी स्वतःच्या गळ्यावर बोट फिरवून दाखवलं, आणि मी दोघांच्या मधे बसून टेबलावरचा प्लास्टिकचा सांगाडा बघत होते.

बाहेर आल्याबरोबर मी विचारलं, ‘काय म्हणाले?’

‘काही नाही गं. छोटी गाठ आहे, काढून टाकायची. टेन्शन नको घेऊ.’

एवढा वेळ तो माणूस बोलला आणि माझ्या हाती काय, तर काही नाही! ज्यांना ऐकू येत नाही त्यांना हे ‘काही नाही’ चांगलंच ओळखीचं आहे. लग्नात सगळी पंगत खो खो हसते, आपण विचारतो काय झालं, तर ‘काही नाही गं, असंच’. घरात दोन माणसं भांडतात, आपण विचारतो, तर ‘नंतर सांगतो’. ते नंतर कधी उगवत नाही.

गाठीत सुई घालून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट मी घरी जाऊन स्वतः वाचला. त्यात कॅन्सरचा संशय असल्याचं लिहिलं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन बादलीवर बसले आणि खूप घाबरले. मरणाला घाबरले, उगाच दुसरं काहीतरी सांगत नाही. निखिलला विचारलं तर म्हणाला, संशय आहे, अजून ठरलेलं नाही. त्याचे डोळे लाल होते, म्हणून मीही पुढे विचारलं नाही.

चाकांवरचं यंत्र

दाखल होण्याआधी मी हॉस्पिटलला ईमेल केला होता, की मी कर्णबधिर आहे, माझी सोय करा. उत्तर पाहून मी हरखूनच गेले. आमच्याकडे कर्णबधिर रुग्णांसाठी खास संवादयंत्र आहे! माझ्यासारखंच कुणी हे वाचत असेल तर त्याला कळेल, अशा ओळीने माणूस किती खूश होतो.

दाखल झाल्यावर एक बाई ते यंत्र ढकलत घेऊन आल्या. चाकांच्या स्टँडवर मोठा टॅब, त्यावर अजून प्लास्टिकचं कव्हर. कव्हर काढलं, चालू केलं, तर पडद्यावर व्हिडिओ कॉलवरून एक हसरी मुलगी आली आणि हातांनी भराभर बोलायला लागली. सांकेतिक भाषा.

मला सांकेतिक भाषा येत नाही. मी वीस वर्षं ऐकत मोठी झालेली बाई, माझी भाषा मराठी. मला अक्षरं हवीत.

मी हे त्या बाईंना सांगितलं. त्यांनी माझा फोन घेतला आणि त्यात बोलल्या, ‘बट मॅडम, यू आर डेफ, नो?’

‘हो.’

‘देन दिस इज फॉर डेफ ओन्ली.’

आता काय बोलणार, कपाळ! ज्यांची ती भाषा आहे त्यांना हे यंत्र देवासारखं वाटेल, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण सगळे बहिरे एकाच साच्यातून काढलेले आहेत असं यांना कुणी सांगितलं? खरं सांगू, सगळ्यांच्या आधी कळलं ते त्या पडद्यावरच्या मुलीला. तिने हात थांबवले, कागदावर मोठ्या अक्षरात ‘आपको टेक्स्ट चाहिए?’ असं लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं. मी जोरजोरात मान हलवली. तिने पुन्हा लिहिलं, यंत्रात तीही सोय आहे, स्टाफला चालू करायला सांगा. स्टाफने बघितलं. ती सोय पासवर्ड टाकून उघडायची होती आणि पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते रजेवर होते. बाईंनी कव्हर परत घातलं आणि यंत्र ढकलत घेऊन गेल्या.

बेल

खाटेच्या उशाला बेल होती. ती दाबली की नर्स येत नाही, भिंतीतल्या स्पीकरमधून नर्सचा आवाज येतो: काय पाहिजे? हे मला कसं कळणार? मी बेल दाबायची, वाट बघायची, कुणी यायचं नाही. परत दाबायची. तिकडे त्यांना वाटायचं, ही बाई बेल दाबते आणि उत्तर देत नाही, चुकून दाबत असेल. शेवटी एक सिस्टर तणतणत आली आणि बेलच माझ्या हाताला लागणार नाही अशी वर टांगून गेली.

मी म्हटलं, निदान खाटेवर पाटी लावा. पाटी लावली. ‘ऐकायला कमी येते, मोठ्याने बोला.’ झालं! त्यानंतर जो येईल तो माझ्या कानाशी तोंड आणून ओरडायचा. मला फक्त गरम वाफ लागायची. समोरच्या खाटेवरची आजी मात्र दर वेळी दचकून उठून बसायची.

आमची घरमालकीण सुमित्रा अक्का भेटायला आली तेवढा वेळ बरा गेला. तिचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, तिच्या मराठीत निम्मं कन्नड. पण ती आधी खांद्याला हात लावते, मी बघितलं की मगच बोलते, सावकाश. तिने थर्मासमधून पातळ गंजी, म्हणजे तांदळाची पेज आणली होती. ‘स्वल्प खाऊन घे. उद्या उपाशी ठेवतील, सरी?’ सरी म्हणजे बरं का. मी खाल्ली आणि तिच्यासमोर थोडी रडलेही.

ॲपने जे लिहिलं

संध्याकाळी सर्जन राउंडला आले. मी खाटेवर खिडकीकडे तोंड करून पडले होते. ते आणि निखिल पडद्याजवळ उभे राहून बोलत होते. माझा फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ट्रेवर ठेवलेला, ॲप चालू, स्क्रीन माझ्याकडे. निखिल हे विसरला होता. विसरणारच. आमच्या घरात सगळे माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. दुष्टपणाने नाही, सवयच ती. हिला काय ऐकू येणार आहे!

मी सहज मान वळवली आणि स्क्रीनवर ओळी येताना दिसल्या. बोलणं इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते. कोण काय म्हणालं ते ॲप लिहीत नाही, पण ते कळायला फार डोकं लागत नाही.

‘उद्या पूर्ण ग्रंथी काढतोय. आवाजाच्या नसांना दोन्ही बाजूंनी धोका राहतो, हे पेशंटला सांगितलंत ना?’

‘अजून नाही सर. ती घाबरेल. तुम्ही करून टाका.’

‘अर्धी काढायचा पर्याय मी तुम्हाला दिला होता. तुम्ही पूर्ण म्हणालात.’

‘हो सर. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.’

मी ते दोनदा वाचलं. माझा आवाज मला ऐकू येत नाही हे खरं आहे. पण तो आहे म्हणून मी भाजीवाल्याशी भांडते, आईशी व्हिडिओ कॉलवर गप्पा हाणते, मीटिंगमध्ये चार लोकांना गप्प करते. जग माझ्याकडे येत नाही, तर मी जगाकडे जाते ती आवाजाने. तोही गेला तर मी दोन्हीकडून बंद. आणि हे मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

‘आवाजाचं काय ठरलंय?’ मी म्हटलं.

दोघंही गर्रकन वळले. निखिल म्हणाला, ‘कुठलं आवाजाचं?’ मी फोन उचलून त्याच्यासमोर धरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

‘माझा गळा आणि तू ठरवलंस?’

मला आवाज लहानमोठा करता येत नाही, चिडल्यावर तर मुळीच नाही. अख्खा वॉर्ड बघायला लागला असणार, कारण निखिल तळहात खाली-वर करून ‘हळू, हळू’ करायला लागला. त्या खुणेची मला भयंकर चीड आहे. ‘नाही बोलत हळू! उद्या आवाज येतो की नाही कुणास ठाऊक, आज बोलून घेते!’

त्याने मास्क ओढून काढला. रडत होता. ‘वैशू, मला तू पाहिजेस. आवाज नसला तरी चालेल.’

‘तुला चालेल. मला चालेल का ते विचारलंस?’

माणूस वाईट नाही हो. के. आर. पुरमच्या ट्रॅफिकमधून रोज दोनदा घरून हॉस्पिटलात येत होता, ऑफिस सांभाळत होता, माझ्या आईला खोटं खोटं हसून दाखवत होता. घाबरला होता आणि घाबरलेल्या माणसाने सगळं उरकून टाकायचं ठरवलं होतं. पण त्या वेळी मला दया आली नाही, आणि आली नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सर्जनना मी सांगितलं, ‘तुम्ही मला स्वतः समजावून सांगेपर्यंत माझी सही मिळणार नाही.’ ते घड्याळाकडे बघत सिस्टरला काहीतरी म्हणाले. सिस्टर गेली आणि काय घेऊन आली? चाकांवरचं यंत्र! मला हसूच फुटलं, आणि मी हसले म्हटल्यावर सर्जनही बुचकळ्यात पडले. मी म्हटलं, ‘डॉक्टर, यंत्र नको. तुम्ही खुर्चीवर बसा, मास्क खाली करा, शेजारचा टीव्ही बंद करायला सांगा आणि एका वेळी एक वाक्य बोला. रेकॉर्डिंग होत नाही, हवं तर फोन तुमच्या हातात धरा.’

बसले ते. फोन खरंच स्वतःच्या हातात धरला. आणि काय सांगू, ॲपने जवळजवळ सगळं बरोबर लिहिलं. तोच फोन, तेच ॲप! एवढ्याचसाठी मी पहिल्या दिवसापासून गयावया करत होते. तुमच्यापैकी कुणी दाखल होणार असेल तर पहिल्याच भेटीत अडून बसा. माझ्यासारखं शेवटच्या संध्याकाळपर्यंत थांबू नका.

त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं. गाठ एकाच बाजूला, लहान. अर्धी ग्रंथी काढली तर एकाच नसेजवळ जावं लागेल, पण तपासणीत वेगळं काही निघालं तर परत ऑपरेशन. पूर्ण काढली तर एकदाच, पण दोन्ही नसांजवळ, आणि जन्मभर गोळ्या. दोन्ही रस्ते योग्य आहेत असं ते म्हणाले. मी खूप प्रश्न विचारले, त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. मी अर्धी सांगितली. परत यावं लागलं तर येईन. निखिल खाली मान घालून बसला होता.

भूल

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने बांगड्या, मंगळसूत्र काढायला लावलं आणि मग फोनसाठी हात पुढे केला. फोन आत चालत नाही, अटेंडरकडे द्या. मी तो छातीशी धरून बसले. आता परत भांडण, असं म्हणून मी पदर खोचणार होते, अंगात हॉस्पिटलचा झगा असला तरी. तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. बेळगावच्या होत्या. मास्क हनुवटीखाली घेऊन, उजेडाकडे तोंड करून मराठीत म्हणाल्या, ‘तुला कसं सांगितलेलं बरं पडेल?’

इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. मी म्हटलं, झोप लागेपर्यंत फोन राहू दे. त्यांनी तो एका पारदर्शक पिशवीत घातला आणि सिस्टरला म्हणाल्या, नियमाचं मी बघते. टेबलावर पडल्यावर त्या पिशवीवर अक्षरं उमटली, ‘आता हाताला जळजळेल. घाबरू नको.’ खरंच जळजळलं.

जाग आल्यावर

रिपोर्टचं आधीच सांगते. कॅन्सर निघाला, पण लहान, सावकाश वाढणारा. अर्धी काढली ती पुरली. आता अधूनमधून तपासायला जावं लागतं.

तर जाग आली तेव्हा फोन नव्हता. वर दिवे आणि मास्क. एक सिस्टर भुवया उंचावून काहीतरी विचारत होती. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. मुद्दाम. एरवी मी बोलताना गळ्यावर बोटं ठेवते, आवाज निघतोय का ते बोटांना कळतं. आता तिथे पट्टी होती आणि खाली सगळं बधिर. मी बोलले आणि काहीच निघालं नाही तर ते मला कोण सांगणार? म्हणून मी बोललेच नाही. वॉर्डात आणेपर्यंत मुकी राहिले.

सर्जन आले, मास्क स्वतःहून खाली केला. ‘नाव सांगा.’

‘वैशाली,’ मी म्हटलं. म्हणजे तसे ओठ हलवले आणि जोर लावला. त्यांनी अंगठा दाखवला, ‘गुड, गुड’ म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी निखिलकडे बघितलं. ‘कसा आलाय?’

त्याचे ओठ उघडले. ‘काही’मधला ‘का’ त्यावर मला दिसला. दहा वर्षं वाचतेय ते ओठ, चुकायची नाही. मग त्याने ते मिटले. खुर्ची ओढून समोर बसला, माझा फोन स्वतःच्या तोंडाशी धरला आणि सावकाश बोलायला लागला.

‘आवाज घोगरा आहे. फाटल्यासारखा येतोय. तुझा वाटत नाही. डॉक्टर म्हणाले सूज आहे, उतरेल. मी विचारलं, नक्की का? तर म्हणाले, नक्की सांगता येत नाही.’

पुढे काही महिन्यांनी आवाज बराचसा सुटला. पण हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. मी वाचलं आणि मला रडू फुटलं. भीती तर वाटतच होती. पण इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच सगळं सांगितलं होतं, न चाळता, न गोड करता, आणि ती वाईट बातमी मला घट्ट धरून ठेवावीशी वाटली.

‘आणखी काय म्हणाले?’ मी विचारलं.

तो सांगत गेला. आत किती वेळ लागला, नस कशी गाठीला चिकटलेली होती, बाहेर तो कसा दोनदा ओकून आला. एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा. मी वाचून मान हलवली की मग पुढचं बोलायचा.